साथीच्या उंबरठ्यावर : तवक्कुल, खबरदारी आणि रोजची भाकर

मार्च 2020 मधील तो शुक्रवार आठवून पाहा. 20 तारीख होती. जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला जागतिक महामारी घोषित करून नऊ दिवस झाले होते. राज्यातील पहिले रुग्ण पुण्यात सापडून पंधरा दिवसही उलटले नव्हते. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर या शहरांतील अत्यावश्यक नसलेली कार्यालये व दुकाने महिनाअखेरपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश त्याच दिवशी निघाला. हातकणंगले तालुक्यातील हुपरीला तो आदेश लागू नव्हता. येथे चांदी आटत होती, तार ओढली जात होती, घराघरांत घुंगरू जोडले जात होते आणि दुपारी जुम्याची अजान होणार होती.

आज त्या दिवसाकडे मागे वळून पाहताना सर्व काही स्पष्ट दिसते. त्या दिवशी मात्र काहीच स्पष्ट नव्हते. आजार आपल्या गावापर्यंत येईल की नाही, आला तर किती जणांना गाठील, किती महिने राहील, हे कोणालाही ठाऊक नव्हते. तरीही प्रत्येक घराला निर्णय घ्यायचा होता. मशिदीत जावे की नाही? ठरलेला निकाह पुढे ढकलावा काय? कारागिरांना उद्यापासून येऊ नका असे सांगावे काय, आणि सांगितले तर त्यांच्या चुली कशा पेटतील? माहिती अपुरी असताना श्रद्धावंताने निर्णय कसा करावा, हा या पाठाचा विषय आहे. साथ ओसरली म्हणून हा प्रश्न संपलेला नाही. पुढची साथही अशीच अपुऱ्या माहितीनिशी दाराशी येईल.

सर्ग येथील मुक्काम

या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा इस्लामी इतिहासात एका प्रवासात मिळतो. हिजरी 18 च्या सुमारास, म्हणजे इ.स. 639 च्या आसपास, हजरत उमर (रजि.) मदिनेहून शामकडे निघाले होते. हिजाज आणि शामच्या सीमेवरील सर्ग या ठिकाणी शाममधील सेनानायक त्यांना भेटावयास आले. त्यांत हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) होते. त्यांनी बातमी दिली की शाममध्ये ताऊन पसरला आहे. पॅलेस्टाइनमधील अमवास या गावावरून ही साथ पुढे इतिहासात ओळखली गेली.

येथे थोडे थांबावे लागेल. हा प्रसंग आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकतो, पण बहुधा त्याचा शेवटच ऐकतो. हजरत उमर (रजि.) यांनी काय केले? त्यांनी ताबडतोब हुकूम सोडला नाही. प्रथम मुहाजिरांना बोलावून सल्ला घेतला. त्यांच्यात मतभेद झाला. काही म्हणाले, आपण एका कार्यासाठी निघालो आहोत, माघारी फिरणे योग्य नाही. इतर म्हणाले, आपल्याबरोबर प्रेषित (स.) यांचे सहाबी आहेत, त्यांना या साथीत नेऊ नये. मग अन्सारांना बोलावले. त्यांच्यातही तोच मतभेद झाला. त्यानंतर मक्काविजयाच्या काळातील कुरैशच्या वडीलधाऱ्यांना विचारले. त्यांनी मात्र एकमुखाने परतण्याचा सल्ला दिला. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी सकाळी मदिनेकडे निघण्याची घोषणा केली.

वाचकहो, हे सर्व सहाबा होते. ईमान आणि ज्ञान दोन्ही त्यांच्यापाशी होते. तरीही साथीच्या आरंभी त्यांची दोन मते पडली आणि एकाने दुसऱ्याचे ईमान कच्चे ठरविले नाही. मार्च 2020 मध्ये आपल्या घराघरांत आणि मोबाइलवरील गटांत एकमेकांना काय काय म्हटले गेले, ते यापुढे ठेवून पाहावे.

हजरत अबू उबैदा (रजि.) यांना परतण्याचा निर्णय खटकला. अल्लाहच्या तकदीरपासून हे पलायन नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न होता. हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की होय, आपण अल्लाहच्याच एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. मग त्यांनी उंटांचा दाखला दिला. एका खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट हिरव्या बाजूला चारणाराही अल्लाहच्या तकदीरनेच चारतो आणि उजाड बाजूला चारणाराही. म्हणजे तकदीरवरील श्रद्धा बाजू निवडण्याची जबाबदारी काढून घेत नाही. गुराख्याला कुरण निवडावेच लागते.

हा सारा विचार होईपर्यंत या विषयावरील हदीस त्यांच्यापैकी कोणाच्याही समोर आलेली नव्हती. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) काही कामानिमित्त दूर होते. ते आले आणि त्यांनी प्रेषित (स.) यांची शिकवण सांगितली. एखाद्या प्रदेशात साथ आहे असे ऐकले तर तेथे जाऊ नये, आणि आपण असलेल्या प्रदेशात ती आली तर तिच्यापासून पळण्यासाठी तेथून बाहेर पडू नये. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहचे आभार मानले आणि ते परतले. सल्लामसलतीने, अनुभवाने आणि लोकांच्या जिवाची काळजी वाहून घेतलेला निर्णय प्रेषितांच्या शिकवणीशी जुळला.

आणि हजरत अबू उबैदा (रजि.)? त्यांचे कार्यक्षेत्र साथीच्या प्रदेशात होते, म्हणून ते तेथे गेले आणि राहिले. हजरत उमर (रजि.) यांनी पत्र पाठवून त्यांना मदिनेस बोलावले. हेतू ओळखून त्यांनी नम्रपणे नकार दिला, कारण सैन्याला सोडून स्वतःचा जीव वाचविणे त्यांना मान्य नव्हते. त्यावर हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना सखल, दमट जागेतून उंच आणि मोकळ्या जागी हलविण्याची सूचना केल्याचे इतिहासकारांनी नोंदविले आहे. अबू उबैदा (रजि.) त्याच साथीत वारले. त्यांच्यानंतर नेतृत्व हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांच्याकडे आले, तेही वारले. मग हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांत विखरून राहावयास सांगितले. त्यावरही आक्षेप घेणारे होतेच. पण लोक पांगले, साथ ओसरली आणि हजरत उमर (रजि.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी ते नापसंत केले नाही.

आपल्या भागातील वृद्धांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानात प्लेग आला, तेव्हा गावे रिकामी करून लोक शेतांत आणि माळावर झोपड्या घालून राहिले. ‘प्लेगच्या झोपड्या’ हा शब्द आपल्या आजी-पणजींच्या बोलण्यात होता. गावाची हद्द न सोडता गर्दी सोडणे, हे पलायन नव्हे.

दोन हदीसींमधील दिसणारा विरोध

साथीच्या दिवसांत एका हदीसीचा फार वापर झाला. आजार आपल्या स्वतःच्या बळाने एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, अशा अर्थाची ती हदीस आहे. तिचा आधार घेऊन काहींनी हस्तांदोलन, गळाभेट आणि गर्दी चालू ठेवण्याचा आग्रह धरला. पण त्याच प्रेषितांनी (स.) महारोग्यापासून दूर राहावयास सांगितले आहे, आणि आजारी उंट निरोगी उंटांत नेऊ नयेत असेही बजावले आहे. विद्वानांनी या दोहोंचा मेळ साधा घातला आहे. पहिल्या हदीसीत अज्ञानकाळातील ही समजूत खोडली आहे की रोग ही एक स्वतंत्र शक्ती असून तिच्यावर अल्लाहची सत्ता नाही. दुसऱ्या हदीसींत अल्लाहनेच ठेवलेल्या कारणांची दखल घेण्याची आज्ञा आहे. विस्तव जाळतो तो अल्लाहच्या इच्छेने. म्हणून हुपरीतील कोणी कारागीर तापलेली मूस उघड्या हाताने उचलीत नाही आणि त्याला कोणी कमकुवत ईमानाचा म्हणत नाही.

उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची हदीस सर्वांनाच ठाऊक आहे, तिच्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

इब्ने हजर यांची नोंद

बुखारीवरील सुप्रसिद्ध भाष्य लिहिणारे हाफिज इब्ने हजर अस्कलानी (मृत्यू हिजरी 852) यांनी ताऊनवर ‘बज्लुल-माऊन’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हा विषय त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. त्यांच्या मुली साथीने हिरावून नेल्या होत्या. त्यांनी हिजरी 833 मधील, म्हणजे इ.स. 1430 मधील, कैरोची एक घटना नोंदवून ठेवली आहे. साथ सुरू झाली तेव्हा शहरातील मृत्यू दिवसाला चाळिसाच्या आत होते. लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले आणि मग पावसासाठी मागणी करण्यास जमतात तसे सारे वाळवंटात एकत्र जमले, दुआ केली आणि परतले. तो महिना संपण्यापूर्वी मृत्यूंची संख्या दिवसाला हजारावर गेली होती.

येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. इब्ने हजर यांचा आक्षेप आजच्या वैद्यकाच्या भाषेतील नव्हता. साथीत अशी सामुदायिक सभा भरविण्याची पद्धत सहाबांची नव्हती, हा त्यांचा मुद्दा होता. दुआला त्यांचा विरोध कधीच नव्हता. पण गर्दीपूर्वीचे आणि गर्दीनंतरचे आकडे त्यांनी नोंदवून ठेवले, आणि धार्मिक हेतूने जमलेल्या गर्दीचे ते आकडे होते म्हणून लपविले नाहीत. उमरा करून परतलेल्यांना भेटावयास जाणे, मुसाफहा करणे, जमजम आणि खजूर घेणे ही आपल्याकडील किती गोड रीत आहे! मार्च 2020 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, इस्लामपूर येथे, सौदी अरेबियाहून परतलेल्यांना लागण झाल्याचे 23 तारखेला आढळले आणि पुढे त्या शहरातील रुग्णांची संख्या 26 वर गेली. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. परदेशातून आलेल्या कोणाकडूनही, कोणत्याही यात्रेहून वा सहलीहून परतलेल्याकडून, हेच घडू शकत होते आणि घडलेही. पुढच्या वेळी मुबारकबाद फोनवर द्यावी आणि खजूर महिन्याने खावेत, इतकेच.

मशिदीच्या बाबतीतही शरीअतने वाट मोकळी ठेवली होती. पावसाच्या, चिखलाच्या किंवा कडाक्याच्या थंडीच्या वेळी अजानमध्येच घरी नमाज पढण्याची सूचना देण्याची पद्धत हजरत इब्ने अब्बास (रजि.) व हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून प्रमाणित आहे. इब्ने अब्बास (रजि.) यांनी तर जुम्याच्या दिवशी ती दिली आणि लोकांना आश्चर्य वाटले, तेव्हा आपल्यापेक्षा श्रेष्ठ असलेल्याने, म्हणजे प्रेषितांनी (स.), असे केल्याचे सांगितले. कपडे चिखलाने भरू नयेत म्हणून जर ही सवलत, तर जीव वाचविण्यासाठी का नसावी? मार्च 2020 मध्ये कुवेतच्या मशिदींतून हीच सूचना ऐकू आली आणि अनेकांचे डोळे पाणावले. आपल्याकडे इमाम, मुअज्जिन व दोन-चार जणांनी जमात चालू ठेवावी आणि इतरांनी घरी जुहर पढावी, असा मार्ग निघाला. मशीद ओसाड झाली नाही आणि गर्दीही झाली नाही.

तिरस्काराचा अनुभवही त्या दिवसांत आपल्या वाट्यास आला, तो नाकारता येणार नाही. दिल्लीतील तबलीगी मेळाव्यानंतर फळे विकणाऱ्या बागवानापासून चांदीच्या कारागिरापर्यंत अनेकांकडे संशयाने पाहिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट 2020 मध्ये परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविण्यात आल्याकडे लक्ष वेधले. अन्यायाची ही नोंद न्यायालयाच्या दप्तरी आहे. पण आपल्यावर अन्याय झाला म्हणून गर्दीतील धोका खोटा ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

सक्तीची खबरदारी

दुसऱ्या बाजूचा धडा मुंबई-पुण्यातून मिळतो. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. तोच कायदा 2020 मध्ये पुन्हा लागू केला गेला. पुण्यात सैनिक घरांत शिरले, बायकामुलांची तपासणी झाली. त्या संतापातून 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मार्च 1898 मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात, विणकर मुस्लिमांच्या वस्तीत, एका आजारी मुलीच्या तपासणीसाठी पथक आले आणि त्यावरून दंगल पेटली. माणसे मेली ती प्लेगने नव्हे. ते विणकर अडाणी होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पडद्यातील मुलीला परका पुरुष तपासणार आणि मग तिला उचलून नेणार, तिचे पुढे काय होणार हे कोणी सांगणार नाही, अशा वेळी कोणता बाप दार उघडील?

त्याच काळात भायखळ्यात डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते, तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरील आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली. खबरदारी सांगणाऱ्याने ती आधी स्वतःवर घेतली की ऐकणाऱ्याचे मन वळते. घरातही हेच आहे. तरुण मुलगा स्वतः मित्रांत फिरून येतो आणि वृद्ध वडिलांना मात्र मशिदीत जाऊ नका म्हणतो, तेव्हा ते का ऐकतील?

हुपरीचा प्रश्न

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्याकडे येऊ. खबरदारीवर बोलणारे बहुधा असे असतात की ज्यांच्या घरात महिन्याचे धान्य भरलेले असते. हुपरीत पैंजणाची एक जोडी तयार होईपर्यंत ती किती घरांतून फिरते, ते येथील वाचकांना सांगावयास नको. एकाकडे चांदी आटते, दुसऱ्याकडे तार ओढली जाते, तिसऱ्याकडे कड्या जोडतात, कोणी डाग देतो, कोणी घुंगरू बसविते, शेवटी पॉलिश. यांतील पुष्कळ काम घरच्या ओसरीवर स्त्रिया करतात आणि मजुरी वजनावर किंवा नगावर मिळते. काम थांबले की मजुरी त्याच संध्याकाळी थांबते. शिवाय माल परगावच्या बाजारात जातो. तेथील पेढ्या बंद झाल्या की येथे भट्टी चालू ठेवूनही उपयोग नसतो.

शरीअतच्या उद्दिष्टांत जिवाचे रक्षण आहे तसे मालाचेही आहे. मात्र दोहोंत जीव आधी येतो. मजुराने उपाशी राहून इतरांची सुरक्षितता सांभाळावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. जिवाच्या रक्षणात भुकेपासूनचे रक्षणही येते. म्हणून कारखाना बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्याने त्याच बैठकीत दुसरा निर्णय घेतला पाहिजे : झालेल्या कामाची मजुरी आजच चुकती करायची. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी ही शिकवण साथीत शिथिल होत नाही, उलट ती अधिक बंधनकारक होते. बाजार उघडल्यावर हिशेब करू, असे सांगून कारागिराला घरी पाठविणे ही खबरदारी नव्हे.

जकातीबाबत येथे दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. पहिली अशी की वर्ष पूर्ण होण्यापूर्वी जकात देता येते. हजरत अब्बास (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) तशी परवानगी दिल्याचे हदीसीत आले आहे. 2020 मध्ये रमजान 25 एप्रिलला सुरू झाला, टाळेबंदी मात्र 25 मार्चला. रमजानची वाट पाहत जकात राखून ठेवणाऱ्याच्या शेजारी त्या एका महिन्यात उपासमार होऊ शकत होती. दुसरी गोष्ट हुपरीपुरती. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे 612.36 ग्रॅम. येथील लहान कारागिराच्या घरात कधीकधी याच्या कितीतरी पट चांदी असते. पण ती व्यापाऱ्याने घडविण्यासाठी दिलेली अमानत असते. तिच्यावरील जकात मालकाने द्यावयाची. घरात दोन किलो चांदी असलेला कारागीर स्वतः जकातीस पात्र असू शकतो. मदतीची यादी करणाऱ्यांच्या नजरेतून हे घर सुटते, कारण त्याच्या दारातून चांदी आत जाताना सर्वांनी पाहिलेली असते. आणि तो मागावयास येणार नाही. दिव्य कुरआनने अशांचेच वर्णन केले आहे की त्यांच्या स्वाभिमानामुळे अजाण माणूस त्यांना सधन समजतो.

हुपरीपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत त्या वर्षी जे घडले ते अनेकांना आठवत असेल. टाळेबंदीत रमजान आला. नवे कपडे नाहीत, इफ्तारच्या मेजवान्या नाहीत, ईदगाह नाही. तेथील मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळून आणि जकात-सदक्याची रक्कम मिळवून 36 लाख रुपये जमविले. आयजीएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयात त्यातून दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 25 मे रोजी, ईदच्याच दिवशी, दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन केले. जकातीची रक्कम नेमकी कोणत्या मदीवर खर्च करता येते, यावर आपल्या विद्वानांमध्ये चर्चा आहे आणि ती व्हावी. सदका आणि देणगीला तशी मर्यादा नाही, म्हणून असे काम हाती घेताना दोन्ही रकमांचा हिशेब वेगळा ठेवणे उत्तम. त्या साली इचलकरंजीत ईदची नमाज घरोघरी, अंगणात आणि गच्चीवर पढली गेली, आणि शासकीय रुग्णालयातील त्या दहा खाटा जो रुग्ण येईल त्याच्यासाठी तयार होत्या.